प्रल्हादरावांचं अर्धं डोकं

सुखदेव मेश्राम नागपूरचा मेकॅनिकल इंजिनियर होता आणि लोकांचे केस धुवायला मेलबर्नला आला होता. २००६ साली आमच्या डँडेनॉन्ग उपनगरात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. देशाला ज्या कामांची माणसं कमी पडत होती त्यांची सरकारने यादी केली होती. तीत स्वयंपाकी होते, केशकर्तनकार होते. दोन वर्षांचा कोर्स करायचा, नऊशे तास प्रत्यक्ष काम करायचं, कामाची परीक्षा द्यायची आणि मग पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज भरायचा. आमच्या भाड्याच्या युनिटमध्ये राहणाऱ्या पाच पदवीधरांपैकी तिघं पाव भाजायला शिकत होते. मी पुण्याचा एम.कॉम., कांदा चिरायला शिकत होतो, म्हणजे सुखदेवला हसायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. तो मी घेतला.

त्याचं कॉलेज एका गालिच्यांच्या दुकानाच्या वर होतं. वर्गात अडतीस पुरुष, त्यातल्या अकरा जणांना टक्कल पडू लागलेलं. प्रत्येकाला सोनेरी केसांचं एक रबरी डोकं घरी सरावाला मिळे. सुखदेव ते पिशवीत घालून ट्रेनने आणायचा आणि धुऊन खिडकीत वाळत ठेवायचा. पुढे पुढे तीन डोकी जमली. घरमालकाचा एजंट तपासणीला आला की त्या तिघी त्याच्याकडे बघत, आणि तो दारातूनच "ऑल गुड, मेट" म्हणून निघून जाई.

नऊशे तासांचं मात्र जमेना. एकही सलून त्याला घेईना. शेवटी फॉस्टर स्ट्रीटवर, एका साड्यांच्या दुकानामागे, अबुकने घेतलं. अबुक सुदानहून आलेली, सहा फूट उंच, दोन खुर्च्यांची मालकीण. तिच्याकडे येणाऱ्या बायकांचे केस इतके दाट कुरळे की कॉलेजात शिकलेलं सगळं पहिल्याच दिवशी बाद झालं. ट्विस्ट-आउट हे तिथलं मुख्य काम. ओल्या केसांच्या बारीक बटा घ्यायच्या, दोन-दोन पेड एकमेकांवर पिळायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि मगच बोटांनी हळूच सोडायचे. पीळ सुटतो, पण केसांत वळण राहतं. तीन पेडांची वेणी घालून हेच केलं की झालं ब्रेड-आउट. यात एकच पाप आहे. आतून ओलं असताना सोडलं की सगळं पिंजारतं, दोन तासांची मेहनत पाण्यात.

सुखदेव इंजिनियर तो इंजिनियरच. कुठल्या जाडीची बट किती तासांत वाळते याचा त्याने आलेख काढला आणि आमच्या फ्रिजवर चिकटवला. घाईच्या गिऱ्हाइकाला तो आलेख दाखवू लागला. बायका हसायच्या आणि परत त्याच्याकडेच यायच्या, कारण त्याचे पीळ खरोखर एकसारखे असत.

नागपुरात मात्र वेगळंच शिजत होतं. सुखदेवचे वडील प्रल्हादराव जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा नेमकं काय शिकतोय हे कळल्यावर ते फोनवर एकच वाक्य बोलले, "तू त्या खुर्चीमागे उभा आहेस तोवर मी कुठल्याही न्हाव्यासमोर बसणार नाही." आणि त्यांनी केस कापणं बंद केलं. दाढी ते स्वतः करत, प्रश्न फक्त डोक्याचा होता. सहा महिन्यांत कान झाकले, वर्षात मानेवर आले. आई फोनवर रडायची की विहारात लोक यांना ओळखत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातलं ते प्रकरण. मला वाटलं, नेहमीचंच आहे, इंजिनियर पोराने हजामत केली म्हणून अब्रू गेली. मी त्यावर यथेच्छ विनोद केले.

दीड वर्षाने आईनेच तिकीट काढून त्यांना इकडे पाठवलं. पासपोर्टवर बारीक केसांचा मास्तर आणि समोर खांद्यापर्यंत रुळणाऱ्या पांढऱ्या कुरळ्या जटांचा माणूस. विमानतळावर त्यांना चाळीस मिनिटं थांबवून ठेवलं. मुलगा काय करतो असं अधिकाऱ्याने विचारलं, तर म्हणाले, "इंजिनियर."

ते आले त्याच आठवड्यात सुखदेवची परीक्षा होती. परीक्षक बाई सलूनमध्ये येऊन अडीच तास बसणार. फॉर्मवर लिहिलं होतं: दाट कुरळे केस, एकच गिऱ्हाईक, ट्विस्ट-आउट सुरुवातीपासून शेवटपर्यंत परीक्षकांसमोर, आणि उष्णता न वापरता. फ्रिजवरच्या आलेखानुसार नुसतं वाळायलाच अकरा तास लागत होते. सुखदेवने परीक्षेच्या ऑफिसला फोन केला. अडीच तासही बरोबर आहेत आणि विनाउष्णताही बरोबर आहे, नो वरीज, असं उत्तर मिळालं.

दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मला कागदावर एक पंप काढून दाखवला. इंजिनियरिंगच्या ड्रॉइंगमध्ये यंत्र अर्धं कापून दाखवतात, अर्धं अख्खं. तसंच डोकं करायचं. डावी बाजू आदल्या दिवशी पिळून वाळवायची, उजवी बाईंसमोर धुऊन पिळायची, आणि मग त्यांच्यासमोरच डावी सोडायची. एकच गिऱ्हाईक, सुरुवातही दिसली, शेवटही दिसला. अबुकने आपली भाची द्यायचं कबूल केलं.

आदल्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेलो तर तिथे सुतक असल्यासारखी शांतता. भाचीला चिकन फॅक्टरीने जादा शिफ्टला बोलावलं होतं आणि ती नोकरी घालवायला तयार नव्हती. ऐनवेळी दोन्ही दिवस देऊ शकेल असं दुसरं गिऱ्हाईकही मिळालं नव्हतं. परीक्षेची पुढची तारीख पाच महिन्यांनी, सुखदेवचा व्हिसा दोन महिन्यांत संपणार. दोन वर्षं पाण्यात आणि पोरगा विमानात. प्रल्हादराव कोपऱ्यातल्या बाकावर पेपर वाचत होते. घरात थंडी वाजते म्हणून ते रोज तिथे येऊन मुलाकडे पाठ करून बसत. आम्ही तिघांनी एकाच वेळी त्या पाठीवरच्या केसांकडे पाहिलं. विचारायची हिंमत कुणाची होईना.

अबुकने वेगळंच काही सांगायला सुरुवात केली आणि सुखदेव मराठीत सांगत गेला. ती या देशात आली तेव्हा चार सलूनमध्ये गेली. चारही ठिकाणी तिला सांगण्यात आलं की असल्या केसांना आम्ही हात लावत नाही. म्हणून तिने स्वतःचं दुकान काढलं. इथून कुणाला परत पाठवत नाहीत.

प्रल्हादरावांनी पेपरची घडी केली.

"आमच्या गावचा न्हावी म्हशी भादरायचा," ते म्हणाले. "आम्हाला हात लावत नसे. माझी आई मेंढ्यांच्या कातरीने आमचे केस कापायची. कानाला लागायचं. ज्यांनी आम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांचंच काम माझा मुलगा शिकायला गेला, असं मला वाटलं."

हे मला माहीत नव्हतं. पेठेत वाढलो म्हणून माहीत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. दीड वर्ष मी त्या केसांवर विनोद करत होतो आणि त्यांचं कारण सुखदेवला एकदाही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

ते उठले आणि खुर्चीत जाऊन बसले, पाठ ताठ, वर्गात बसावं तसे. सुखदेव कपाटातून नवा कोरा टॉवेल काढायला लागला.

"वेगळा नको," ते आरशात बघत म्हणाले. "सगळ्यांना घालतोस तोच घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक बाई आल्या. खुर्चीत अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, डाव्या बाजूला बत्तीस पीळ, उजवी बाजू मोकळी. बाईंनी फॉर्म पाहिला, डोकं पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला. सुखदेवने उजवी बाजू धुतली, विंचरली, पिळली. पीळ एकसारखे पडले. मग बोटांना तेल लावून त्याने डावी बाजू एकेक करून सोडली. पांढऱ्या केसांना असं काही वळण आलं की शेजारच्या खुर्चीतली बाई आपलं सोडून तेच बघत राहिली. परीक्षक बाईंनी रकान्यांत खुणा केल्या आणि शेवटच्या रकान्यावर पेन थांबवलं. गिऱ्हाईक परीक्षार्थीच्या नात्यातलं असलेलं चालत नाही, असा एक नियम होता. तो आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता.

बाईंनी नाव विचारलं. प्रल्हादरावांनी आडनाव गाळून सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "आणि हा तुमचा कोण?"

सुखदेवचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या त्या मास्तरांनी आरशातून मुलाकडे पाहिलं.

"माय बार्बर," ते म्हणाले.

सही झाली. बाई गेल्यावर सुखदेव खुर्चीमागे तसाच उभा राहिला. मग कात्री हातात घेऊन, बाबा, आता कापू का, असं त्याने हळूच विचारलं. प्रल्हादरावांनी उजव्या बाजूचे ओले पीळ बोटांनी चाचपले.

"थांब," ते म्हणाले. "आधी ही बाजू वाळू दे."