अंबूबाईचं गाठोडं

अमडापूरच्या ख्रिस्ती आळीत अंबूबाईचं गाठोडं प्रार्थनाघराच्या घंटेइतकंच प्रसिद्ध होतं. खुंटीवर कायम बांधून ठेवलेलं. आत एक लुगडं, तांब्या, गीतांचं पुस्तक, टपालकचेरीतून आणलेली हिवतापावरच्या क्विनाईनची पुडी आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला. प्रभूचं बोलावणं आलं की शोधाशोध नको, म्हणून. बोलावणं आलं नव्हतं. पाला मात्र दर उन्हाळ्यात बदलला जाई.

अंबूबाई मूळची देऊळघाटची, खात्यापित्या शेतकऱ्याची लेक. प्लेगात नवरा गेला, सासरच्यांनी दार लावलं आणि मिशनच्या दवाखान्यानं उघडलं. तिथंच ती अक्षरं शिकली, तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला. पुढं मिशननं तिला बायबलबाई नेमलं. म्हणजे बायकांच्या ओसरीवर बसून प्रभूची गोष्ट सांगायची आणि जमलंच तर त्यांच्या पोरांचे डोळे धुवायचे. हे काम ती मनापासून करी. पण रविवारी प्रार्थनेला उभी राहिली की तिचा खरा सूर लागे. “प्रभू, ही कुडी तुले वाह्यली. नेशील तिथं नेजो. डोंगरात नेजो, तापात नेजो.” ऐकणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावत. त्या पदरांकडं अंबूबाई मिटल्या डोळ्यांनी बघे.

शिवाय ती रीतभाताची पक्की होती. वऱ्हाडात पहिल्या बोलावण्याला जेवायला बसतो तो एक तर भुकेला असतो, नाही तर अडाणी. “जेवता का?” म्हटलं की “नाई, आत्ताच झालं” म्हणावं, दुसऱ्यांदा म्हटलं की “कायले तकलीफ” म्हणावं, तिसऱ्यांदा हात धरून ओढलं की मग पाटावर बसावं. धर्म बदलला म्हणून ही रीत बदलायचं काही कारण अंबूबाईला दिसलं नव्हतं.

कोकिळेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती भाजीमळेवाल्याची पोर, नवऱ्यानं टाकलेली, गेल्याच वर्षी बाप्तिस्मा घेतलेली. एकदा अंबूबाईनं तिला रीत म्हणून विचारलं, “जेवतं का वं?” तर ती “हाव” म्हणून बसलीच! भाकर खाल्ली, वर पिठलंही मागून घेतलं. अंबूबाईनं ही गोष्ट आळीभर सांगितली होती.

आणि मग बोलावणं आलं. जळगाव जामोदच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याला, कोरकू आदिवासींच्या वस्तीत मिशनची एक झोपडी होती. तिथली बायबलबाई हिवतापानं गेली. तिला तिथंच पुरलं. तिच्या जागी कोण जाणार, हे विचारायला बुलढाण्याहून मिशनची गोरी मडम आली. मडम मराठी पंडिताकडून शिकलेली होती, त्यामुळं तिला सगळे शब्द कळत. तेवढेच कळत.

प्रार्थनाघरात तिनं सरळ अंबूबाईकडं पाहिलं. “अंबूबाई, आपण जाल काय?”

सगळ्यांच्या माना वळल्या. अंबूबाई उठली, पदर सावरला आणि मान खाली घालून म्हणाली, “मी कायची, मडमबाई? माह्यात कुठं एवढी ताकद? माह्याहून चांगल्या बाया पडल्या आहेत.”

आणि ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभी राहिली.

“आपल्या प्रामाणिकपणाबद्दल मी आभारी आहे,” मडम म्हणाली आणि इतरांकडं वळली. “दुसरी कोणी?”

“मी जाईन,” मागून कोकिळा म्हणाली. पाटावर बसावं तशी.

आळीतल्या बायका आता कोकिळेच्या दारात बसत. तिच्याकडं पाहून डोळ्याला पदर लावत. तेच पदर! अंबूबाईला एकेक ओळखू येत होता. कोकिळा गाताना बेसूर होते, अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचते, देवाच्या घरात जांभया देते, हे कोणालाच कसं दिसत नाही, याचं तिला नवल वाटे. माणसांना दिसत नाही म्हटल्यावर तिनं ते प्रभूच्या कानावर घातलं. रविवारी ती कोकिळेसाठी प्रार्थनेला उभी राहिली. “प्रभू, ही पोर लहान आहे, हिले धड वाचता येत नाई, ते तू सांभाळजो. हिले रीत नाई, तेही सांभाळजो. हिची जीभ…”

बाहेर आल्यावर गाडीवान कडूबा म्हणाला, “मावशी, हे प्रार्थना होती का फिर्याद?”

“तुले काय समजते?”

“एवढंच समजते की तुमाले जायाचं होतं. मंग मडमले सांगून टाका.”

“काय सांगू? मी नाई म्हनलं ते हाव होतं म्हनू?”

कडूबानं थोडा विचार केला. ते खरंच सांगण्यासारखं नव्हतं.

निघायच्या दिवशी मडम पुन्हा आली. कोकिळेजवळ नेसतं लुगडं आणि एक फडकं, एवढंच सामान होतं. “अंबूबाई,” मडम म्हणाली, “आपण तर जात नाही. ते गाठोडे कोकिळेस द्यावे.”

अंबूबाई घरात गेली. खुंटीवरून गाठोडं काढलं. भिंतीवर त्याच्या आकाराची एक स्वच्छ जागा राहिली होती. एवढी वर्षं तिनं प्रभूला सगळं वाहिलं होतं. प्रत्यक्ष मागितलं गेलं ते हे, आणि तेही त्या पोरीसाठी.

गाडीपाशी येऊन तिनं गाठोडं पुढं केलं. कोकिळेनं धरलं. अंबूबाईची बोटं सुटेनात. कोकिळेनं ओढलं, बोटं आणखी आवळली. सगळी आळी बघत होती.

“मावशी,” कोकिळा म्हणाली, “सोडवत नसंन तं तुमीबी चला ना. येता का?”

एकदाच विचारलं. ही पोर दुसऱ्यांदा विचारणार नाही, हे अंबूबाईला पक्कं ठाऊक होतं. ‘मी कायची’ हे शब्द जिभेवर येऊन बसलेच होते. तिनं ते गिळले. आजवर वाहिलेल्या सगळ्या कुडीपेक्षा ते गिळणं जड गेलं.

“हाव,” ती म्हणाली.

“परंतु आपण तर…” मडम गोंधळली. “आणि तिथे मुख्य बाई कोकिळा राहील. आपणास तिच्या हाताखाली काम करावे लागेल.”

अंबूबाईचा एक पाय तेव्हा चाकावर होता. तो तिथंच थांबला. कडूबानं कासरा सैल धरला आणि बैलांकडं बघत बसला.

“चालन,” अंबूबाई म्हणाली आणि वर चढली.

गाडी खामगावच्या वाटेला लागली. मत्सर काही अमडापुरात राहिला नव्हता. तो गाठोड्याला टेकून तिच्याशेजारीच बसला होता. कोकिळा पुढं बसली होती, हे तिला खुपतच होतं. ऊन चढल्यावर कोकिळेनं फडकं सोडलं.

“मावशी, भाकर खाता?”

“नाई, आत्ताच झालं,” अंबूबाई म्हणाली.

कोकिळेनं फडकं बांधायला घेतलं.

“आन इकडं,” अंबूबाई घाईनं म्हणाली.