आबांची चाल: गुवाहाटीहून सायखेड्यापर्यंत एका डब्यासाठी

आई फोनवर म्हणाली, "चेहरा हाय रे फोटोत. पण ते चालायचे कसे, तेच इसरायला लागले मी." तेवढ्यावरून मी सुट्टी टाकली.

मी पॉलीहाऊस उभारणाऱ्या टोळीत आहे. सध्या मुक्काम आसामात, गुवाहाटीच्या पुढे. दिवसभर पाइप आणि प्लास्टिक, संध्याकाळी पाऊस. शाळा नववीतच सुटली, पण फोनवर काय बघावं याला कोणी मार्कशीट मागत नाही. मला नाद लागला तो जुन्या हलत्या चित्रांचा. सिनेमाच्याही आधीच्या. एक गोल डबा असायचा, त्याला उभ्या फटी आणि आत चित्रांची पट्टी. डबा फिरवून फटीतून बघितलं की कागदावरचा घोडा पळायला लागायचा. फ्रान्सात एक माणूस अशा लांबलचक पट्ट्या हातानं रंगवून पडद्यावर खेळ करायचा. पुढे सिनेमा आला, लोक तिकडे वळले, आणि म्हणतात त्यानं आपल्या पट्ट्या नदीत सोडून दिल्या. ते ऐकून मला गोदावरी आठवली. आपल्याकडे नदीत काय सोडतात ते आपल्याला माहीत आहे. रशियात कोणी मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय लावून त्यांची भांडणं लावली, अमेरिकेत कोणी फळ्यावर खडूचा चेहरा पुसत पुसत हसवला, आपल्या देशात आगकाड्या नाचवल्या. सगळ्यांचं काम एकच. थांबलेल्याला जरासं सरकवायचं, परत जरासं सरकवायचं आणि धीर धरायचा.

आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन वर्ष झालं. त्यांचा एकही व्हिडिओ नाही. आहेत ते बारा फोटो, आणि तेही चुकून आलेले. माझ्या चुलतभावानं, रव्यानं, नवा फोन घेतला तेव्हा आबांचा फोटो काढताना बटणावर अंगठा तसाच दाबून ठेवला. आबा झेंडूचा क्रेट खांद्यावर घेऊन दारातून रस्त्याकडे चाललेले, आणि फोननं धडाधड बारा फोटो काढले. रव्या पुसून टाकत होता, मी मागून घेतले. टोळीतल्या एकानं ते फोटो जोडून व्हिडिओ करून दिला, तो आईला पाठवला. दोन सेकंदात आबा गेले आणि मागोमाग साबणाची जाहिरात आली. आईनं फोन पालथा ठेवला. म्हटलं, आता डबाच करायचा.

गुवाहाटीहून नाशिकरोडला थेट गाडी मिळते. दोन रात्री मोडतात. स्लीपरनं येणार असाल तर खिडकी मागा आणि चिवडा जवळ ठेवा, गाडीतल्या जेवणात वरणाचं नुसतं पाणी असतं. खिडकी कशाला, तर शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी गेली की तिच्या डब्यांच्या फटींतून पलीकडचं शेत दिसतं. तुकडा, अंधार, तुकडा, अंधार. बिहारमध्ये एक बाई अशीच दिसली, डोक्यावर गवताचा भारा. गाडी जाईपर्यंत ती माझ्यासाठी फटीफटीतून चालली. गाडी संपली आणि ती साधी बाई झाली.

ते बघत बघत असा झोपलो की नाशिकरोड कधी गेलं कळलंच नाही. समोरचे काका म्हणाले, "आता घाट उतरू नका म्हणजे झालं." उतरलो इगतपुरीला. धुकं इतकं की फलाटाचं दुसरं टोक दिसेना. गरम वडा आणि चहा घेऊन बाकावर बसलो. रुळावरून पिवळ्या रेनकोटातला एक ट्रॅकमन आला. त्याचे पाय बरोबर रुळाखालच्या स्लीपरांच्या अंतरानं पडत होते. तो धुक्यात जाईपर्यंत मी आबांची चाल डोळ्यांपुढे आणायला बघितली. खांदा आठवला, चप्पल आठवली, चाल काही येईना. तेव्हा घाबरलो. तोवर मला वाटत होतं विसरतेय ती आईच.

परतीच्या गाडीनं नाशिक गाठलं आणि तसाच गंगापूर रोडला गेलो. केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून केक सजवायचं फिरतं ताट घेतलं, काळा पुठ्ठा घेतला. फोटो छापायला शेजारच्या स्टुडिओत गेलो. तिथले काका वैतागले. म्हणाले, सगळे एकसारखेच आहेत, चांगला एक निवडा, बाकीचे कशाला वाया घालवता?

"काका, पायांकडे बघा ना."

त्यांनी चष्मा वर केला, एकेक फोटो पाहिला. मग स्वतःच कात्री घेऊन पट्टी कापून दिली. फटीही त्यांनीच पाडल्या, माझ्या हातून वाकड्या होत होत्या. पुठ्ठ्याचा डबा ताटावर बसवून तिथंच काउंटरवर फिरवून बघितलं. आबा निघाले. डावा पाय जरा उशिरा उचलायचे, तसाच. काका म्हणाले, "वडील का?" मी मान हलवली. त्यांनी छपाईचे तेवढे घेतले.

सायखेड्याला घरी एसटीनं गेलो, डबा मांडीवर. आई शेवंतीतून आली, हात धुतले आणि डब्याकडे संशयानं बघून म्हणाली, "केक आनला का?"

मी तिला ओट्यावर बसवलं, फटीला डोळा लावायला सांगितलं आणि ताट तिच्याच हातात दिलं. इथंच घोळ झाला. मी डावरा. मी फिरवून बघितलं ते डाव्या हातानं. आईनं फिरवलं उजव्यानं, जातं फिरवायच्या सवयीनं, म्हणजे नेमकं उलटं. त्यामुळे आबा रस्त्यावरून क्रेट घेऊन उलट्या पावलांनी दाराकडे यायला लागले.

"आई थांब, उलटं फिरतंय." मी हात पुढे केला.

तिनं माझा हात बाजूला सारला. डोळा फटीवरच. "डावा पाय बघ," ती म्हणाली. "तसाच हाय." बराच वेळ फिरवत राहिली. मी परत म्हटलं, अगं, दुसऱ्या बाजूनं फिरव, म्हणजे नीट जातील.

"राहू दे, भाऊ. जायचे तर रोजच. हे येऊ लागलेत ना."

चार दिवस राहिलो. फुलं तोडली, दोन वेळा पिकअपबरोबर मार्केटला गेलो, निघताना डबा कपाटावर ठेवायला लागलो तर आईनं तो चुलीजवळच्या फळीवर, हाताशी ठेवून घेतला.

आता परत आसामात आहे. पाइप, प्लास्टिक, पाऊस. कोणाला असा डबा करायचा असेल तर पुठ्ठा आतून काळाच घ्या, फटी बारीक पाडा, आणि कुठल्या हातानं फिरवायचं ते सांगत बसू नका. मी काय घेऊन आलो विचाराल, तर फोनवर येणारं एक वाक्य. परवाही आई सांगत होती, शेवंती तोडून झाली, भाकरी टाकल्या, मग तुझ्या आबांना घरी आणलं.