आमच्या बाजूचे ओटे

महूहून बेटम्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. आजोबा फौजेत होते, त्यांनी निवृत्त झाल्यावर तिथे घर बांधलं. बाबा पीथमपूरच्या कारखान्यात होते आणि नोकरी संपेपर्यंत सायकलनेच गेले. आई गेल्यावर ते त्या घरात एकटेच राहत. मी इंदूरला, रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात.

गावातल्या मुख्य रस्त्याचं काम आमच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा मी ते मागून घेतलं. हायवेची गर्दी चुकवायला डंपर गावातून जायला लागले होते. शाळेच्या मुली सायकली हातात धरून नालीच्या कडेने चालायच्या. सगळ्या रस्त्यावर सावलीला एक झाड नव्हतं.

मोजणीला बाबा बरोबर आले. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. कुठे पाणी साचतं, कुठल्या वळणावर सायकल घसरते, ते सांगत होते आणि मी लिहून घेत होते.

"रस्ता रुंद नको करू," ते म्हणाले. "रुंद केलास की हे लोक आणखी दबाके चालवतील. सायकलला जागा दे, झाडं लाव."

मी तसंच काढलं. गाड्यांचा रस्ता अरुंद, एका बाजूला सायकलपट्टी आणि मधे करंजाची रांग. पण आमच्या बाजूच्या घरांचे ओटे त्या पट्टीत येत होते. बाबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "पट्टी पलीकडून नाही का जाणार? तिकडे तर नुसत्या भिंती आहेत."

"तिकडे विजेचे खांब आहेत, बाबा. ते हलवायची परमिशन मिळेपर्यंत वर्ष जाईल. काम हातचं जाईल."

"मग राहू दे," ते म्हणाले.

आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी बाबांचे दोस्त बसायचे. त्यातले सर्वात जवळचे शेजारचे काका. त्यांची सोयाबीनची शेती. आई आजारी पडली तेव्हा तिला दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं, आणि ती गेल्यावर कितीतरी दिवस आमचं जेवण त्यांच्याच घरून येत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात गावाची बैठक झाली. ओटे काढायला कुणी तयार नव्हतं. काका म्हणाले, "भिया, ओटला तोड़ दोगे तो बैठेंगे कां?"

मग बाबा उठले. "सबसे पहले हमारा तोड़ो," म्हणाले.

मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंही नाही.

आमचा ओटा तुटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. आठवड्याभरात सगळे तुटले. काकांच्या दारात मशीन लागलं त्या दिवशी मी तिथेच होते. ते उंबऱ्यात उभे होते. बाबा जवळ गेले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुमने अपनी बेटी के लिए तोड़ा. हमारा किसके लिए टूटा?"

त्यानंतर काका आमच्याकडे आले नाहीत, आणि बाकीचेही हळूहळू यायचे थांबले. बाबा एकदा दोन खुर्च्या घेऊन काकांच्या दारी गेले होते. काका आत निघून गेले. हे मला बाबांनी कधी सांगितलं नाही, काकूंनी नंतर सांगितलं.

मी फोन करायचे. "कोण आलं होतं?"

"झाडांना पाणी घातलं," ते सांगायचे. मी तेवढ्यावर फोन ठेवायचे.

थंडीत एका सकाळी बाबा गेले. घरात, खुर्चीवर बसल्या बसल्या. कळलं मात्र दुपारनंतर, दुधाची पिशवी दारातच पडलेली कुणाला तरी दिसली तेव्हा. पूर्वी ते उजाडताच ओटा झाडायला बाहेर यायचे. एक दिवस दिसले नसते तर अर्ध्या तासात कुणीतरी हाक मारली असती.

काकांनी खांदा दिला. तिसऱ्या दिवशी ते घरी आले आणि जमिनीवरच बसले.

"दिवाली से सोच रहा था, जाके बैठूँ उनके पास," म्हणाले. "रोज सोचता था, कल जाऊँगा."

मला ते ऐकवेना. मी त्यांना खांबांची गोष्ट सांगितली. पट्टी पलीकडून जाऊ शकत होती, एकही ओटा तुटला नसता. उशीर मला नको होता. आणि बाबांना हे माहीत होतं.

"उन्होंने कभी बोला नहीं," काका एवढंच म्हणाले.

"मेरी वजह से नहीं बोला, काकाजी."

ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी गेले. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला अजून माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

पट्टी चांगली झाली आहे, हेही खरं. डंपर आता गावात येत नाहीत. शाळा सुटली की मुली तीन-तीनच्या घोळक्याने, गप्पा मारत सायकलवरून जातात. ऑफिसने त्यांचे फोटो काढून भिंतीवर लावलेत. माझं टेबल त्या भिंतीसमोरच होतं. मी ते हलवून घेतलं.