डब्याचं उदाहरण

राखीव जागांच्या विरोधात मी आयुष्यात एकदाच जाहीर भाषण केलं, आणि ते चांगलं झालं होतं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कोणाला वाटेल की मी कोणाच्या तरी नादी लागून, अर्धवट समजून बोललो. तसं नव्हतं. तयारी माझी होती, मुद्दे माझे होते, आणि ज्या वाक्याला टाळ्या पडल्या तेही मीच जुळवलं होतं.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती आणि आमचा बारावीचा निकाल लागला होता. चिंचवडच्या ज्या कामगार वसाहतीत आम्ही राहत होतो तिथं गावचं असं कोणीच नव्हतं. कारखाने निघाले तसे सातारा, सोलापूर, मराठवाडा, कोकण असे चहूकडून लोक आले आणि कंपनीच्या क्वार्टर्समध्ये शेजारी झाले. माझे वडील साताऱ्याकडचे, मराठा. शेती भावांवर सोपवून कंपनी सुरू झाली तेव्हाच लागलेले. त्यांच्या शेजारच्या मशीनवर बार्शीकडचे एक गृहस्थ होते. ते बौद्ध. त्यांना क्वार्टर मिळाली नव्हती, ते नदीपलीकडे काळेवाडीत राहायचे. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर आठवीपासून एका बाकावर होता. मी त्यांना काका म्हणायचो, तो माझ्या वडिलांना दादा म्हणायचा.

अभ्यास आम्ही बरोबर करत असू, पण आमच्यात हुशार तो होता. मला गणित जमायचं, बाकी सगळं त्याच्याकडून समजून घ्यावं लागायचं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. त्याचे मार्क असे होते की मेडिकलच्या फॉर्मला जातीचा दाखला जोडला तर पुण्यात जागा नक्की, आणि न जोडला तर कुंपणावर. हे त्याला, मला आणि काकांना, तिघांनाही माहीत होतं.

त्या जूनमध्ये राखीव जागांवरून सगळीकडे वाद पेटला होता. पुण्यातल्या कॉलेजांत मुलांनी एक समिती काढली होती आणि समितीचा एक पुढारी आमच्या वसाहतीतलाच होता, इंजिनिअरिंगला शिकणारा, आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. त्यानं वसाहतीच्या हॉलमध्ये वादविवाद ठेवला. विषय होता, राखीव जागा जातीवर द्याव्यात की उत्पन्नावर. मी उत्पन्नाच्या बाजूनं उभा राहिलो.

माझा मुद्दा साधा होता आणि तो आमच्याच भागात सुचण्यासारखा होता. खेड्यातली जात मला माहीत आहे, मी म्हणालो, पण कारखान्यात जात उरत नाही. माझ्या माहितीची दोन माणसं आहेत. एक मराठा, एक दलित. एकाच खात्यात, एकाच ग्रेडमध्ये, शेजारशेजारच्या मशीनवर. पगाराच्या चिठ्ठीत फरक पडलाच तर ओव्हरटाइमचा. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण सभागृह शांत झालं होतं, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी पुढं म्हणालो, "बाराच्या सुट्टीत ही दोन माणसं एकमेकांशेजारी बसून एकमेकांच्या डब्यातली भाजी खातात. मग त्यांच्या मुलांना वेगवेगळ्या रांगेत कोण उभं करतं?"

टाळ्या पडल्या. नावं मी घेतली नव्हती, पण ती कोणाची होती हे वसाहतीत सगळ्यांना कळलं. काकांचा मुलगा मागच्या बाजूला बसला होता. बाहेर पडताना समितीतल्या कोणीतरी त्याला "काय जावईबापू, आता सासुरवाडीचं आमंत्रण बंद" असं म्हटलं. सरकारचे जावई हा त्या वर्षीचा लाडका टोमणा होता. तो तसाच पुढं आला. मला मात्र म्हणाला, "बोलतोस छान," आणि सायकलवर बसून गेला.

डब्याची गोष्ट खोटी होती.

कंपनीत कॅन्टीन होतं, पण तिथली डाळ कोणाला आवडत नसे. बहुतेक जण घरून डबा नेत आणि सुट्टीत सायकल स्टँडच्या मागं लिंबाखाली बसत. तिथं पंगती ठरलेल्या होत्या. पाच-सहा जणांची एक पंगत, मधे वर्तमानपत्राचा कागद, आणि सगळ्यांच्या भाज्या त्या कागदाभोवती उघड्या. आज कोणाच्या डब्यात भरली वांगी, कोणाच्या डब्यात ठेचा, हे सगळ्यांचं. गावाकडून आलेल्या माणसांनी तिथं तेवढंच एक घर उभं केलं होतं. माझ्या वडिलांची पंगत सातारकरांची. काका बॉयलरच्या भिंतीजवळ आणखी तिघांबरोबर बसायचे. वडील डबा विसरले की मी गेटवर नेऊन द्यायचो आणि गेटातून हे सगळं दिसायचं. मी कित्येकदा बघितलं होतं. भांडण नव्हतं, मनाई नव्हती, कोणी कोणाला उठ म्हटलं नव्हतं. वडील आणि काका दिवसभर हसतखेळत काम करायचे, एकमेकांची बारीकसारीक हत्यारं वापरायचे, आणि भोंगा झाला की एक इकडे, एक तिकडे जायचे. कोणाला त्यात काही वाटत नसे. मला वाटत नव्हतं म्हणून तर ते वाक्य मला सुचलं. एकत्र काम करतात म्हणजे एकत्र जेवत असणारच, असं ऐकणाऱ्यांना वाटेल हे मला बरोबर कळलं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी काका आमच्या क्वार्टरच्या बाहेर सायकल लावून उभे राहिले. वडिलांनी आत बोलावलं तर म्हणाले, न्हाई, पोराशी जरा काम आहे. मला नळाच्या बाजूला नेऊन त्यांनी सांगितलं की मुलगा फॉर्म भरतोय पण दाखला जोडायचा नाही म्हणतोय. कारण सांगत नाही. आईशी बोलत नाही. तहसील कचेरीत चकरा मारून आणलेला दाखला ट्रंकेत पडलाय.

"त्याला सांग तू," ते म्हणाले. "तुझं ऐकतो. माझं म्हणनं एवढंच, एकदा आत जाऊ दे, मग काय भांडायचं ते भांडू दे."

माझ्या भाषणाबद्दल त्यांना माहीत होतं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. आजही सांगता येत नाही. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काळेवाडीला गेलो. तो दारातच स्टोव्हची पिन करत बसला होता. मी काय सांगायला आलोय ते त्यानं ओळखलं असावं, कारण बस म्हणाला नाही. मी त्याला समजावलं. भाषण वेगळं, ॲडमिशन वेगळी. वादविवादात जिंकायचं असतं, ते मनावर घ्यायचं नसतं. माझ्यासारख्याच्या बोलण्यावरून जागा सोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उत्पन्नाचा मुद्दा मला पटत नाही, पण तो मुद्दा आहे. त्याला उत्तर देता येतं. डबा तू कुठून आणलास?"

मी दाराच्या चौकटीला टेकलो.

"तुला ठाऊक होतं ना कोण कुठं बसतं?"

"होतं."

"मग?"

"वाक्य जुळत होतं."

तो हसला. रागानं नाही, खरंच हसला. "राव, पंधरा वर्षांत जे कोणाला जमलं नाही ते तू पाच मिनिटांत केलंस. माझ्या बापाला तुझ्या बापाच्या पंगतीला बसवलंस."

मग पिन खाली ठेवून तो नीट बोलला. म्हणाला, त्या हॉलमध्ये दीडशे माणसांनी ऐकलंय की आमचं आणि तुमचं आता सगळं एक आहे. आता मी दाखला जोडला तर मी लबाड ठरतो, नाही जोडला तर वेडा ठरतो. मला वेडा चालेल. पण तुला खरंच वाटत असेल की मी जोडावा, तर रविवारी समितीची सभा आहे आणि तू बोलणार आहेस. तिथं उभा राहा आणि एवढंच सांग की ते एकत्र जेवत नाहीत. तुझा मुद्दा सोडू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस. फक्त तेवढं एक वाक्य. सोमवारी शेवटची तारीख आहे, मी सकाळी जाऊन दाखल्यासकट फॉर्म देतो.

मला ते सोपं वाटलं. मी कबूल केलं. परत येताना नदीवर थोडा थांबलो तेव्हाही सोपंच वाटत होतं.

रविवारी हॉल पहिल्यापेक्षा जास्त भरला होता. पुढच्या आठवड्यात पुण्यात मोर्चा निघायचा होता आणि त्याची ही तयारी होती. मी व्यासपीठावर बसल्यावर बघितलं तर दुसऱ्या ओळीत माझे वडील होते. ते असल्या ठिकाणी कधी येत नसत. पण आधीच्या भाषणाचं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते मुलाला ऐकायला आले होते. एकटे नाही. त्यांची सगळी पंगत बरोबर होती. लिंबाखाली जसे बसतात तसेच ते एका रांगेत बसले होते.

तो दाराशी उभा होता. आत आला नाही.

माझं नाव पुकारल्यावर मी उठलो. वाक्य पाठ होतं. ते म्हणायचं म्हणजे दुसऱ्या ओळीतल्या माणसांकडे बोट दाखवायचं, हे मला तिथं उभं राहिल्यावर समजलं. वडिलांनी कोणाचं वाईट केलं नव्हतं. काकांना ताप आला तेव्हा त्यांनी त्यांच्या वाट्याचं काम उपसलं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा खुललेला होता. मी म्हणालो, "मागच्या वेळी मी एक उदाहरण दिलं होतं, ते मी मागे घेतो. माझा मुद्दा मात्र कायम आहे."

समितीचा पुढारी बसल्या जागेवरून म्हणाला, "का रे, मागं का? उत्तम उदाहरण आहे." लोक हसले.

इथंही मला संधी होती. का मागे घेतो एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "व्यक्तिगत वाटतं म्हणून."

पुढं दहाएक मिनिटं बोललो असेन. दाराकडे पुन्हा बघितलं तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

घरी परतताना वडिलांनी विचारलं, "ते उदाहरण मागं का घेतलंस?"

"कोणाला लागेल म्हणून."

वसाहतीच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "बरं केलंस."

त्यांना काय बरं वाटलं होतं हे मी विचारलं नाही.

सोमवारी त्यानं फॉर्म दिला, दाखल्याशिवाय. यादी लागली तेव्हा त्याचं नाव खुल्या जागांत नव्हतं, थोडक्यात हुकलं होतं. राखीव जागा जिथं थांबल्या होत्या तो आकडा त्याच बोर्डावर शेजारी लावलेला होता आणि याचे मार्क त्याच्या कितीतरी वर होते. आम्ही दोघं वेगवेगळे गेलो होतो, पण तिथं भेटलो. तो दोन्ही याद्या वाचून झाल्यावर बाजूला झाला, मागच्यांना बघता यावं म्हणून.

काका काही दिवसांनी रस्त्यात भेटले. त्यांनी सायकलवरून उतरून विचारलं, "तू सांगितलं व्हतंस ना त्याला?"

"सांगितलं होतं, काका."

"मग तुझा काय दोस," ते म्हणाले, आणि पुन्हा सायकलवर बसले.

मी जे म्हणालो ते खरं होतं. या एका उत्तराचं ओझं मला भाषणापेक्षा जास्त झालेलं आहे.

तो पिंपरीत बी.एस्सी. झाला. पुढच्या वर्षी पुन्हा मेडिकलला भरावं म्हणून काका मागं लागले होते असं कानावर आलं, पण त्याच्यामागं बहिणी होत्या आणि एका औषध कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी चालून आली. मलाही इंजिनिअरिंग मिळालं नाही. मी डिप्लोमा केला आणि वडिलांच्या कंपनीनं मला घेतलं. कामगारांच्या मुलांना आधी घ्यायचं असा युनियनशी करार होता. त्याला कोणी राखीव जागा म्हणत नसे.

आमचं बोलणं बंद पडलं नाही, कमी झालं. नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झाल्यावर एकदा पिंपरीत स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाडीवर तो भेटला. सेकंड शिफ्टला निघाला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर मी त्याला म्हणालो की त्या रविवारी मी बोलायला हवं होतं. मी घाबरलो. वडील समोर बसले होते.

"माहितीय," तो म्हणाला. "दारातून दिसत होते."

"माझं चुकलं."

"मला कशाला सांगतोस?" त्यानं कपात उरलेला चहा बशीत ओतला. "कोण कुठं बसतं हे मला तेव्हाही ठाऊक होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "दादा अजून आहेत ना कामावर?"

"आहेत."

"आणि बाबाही आहेत. अजून त्याच दोन मशीनवर."

एवढं बोलून तो कंपनीच्या बसकडे गेला.

वडील त्यानंतरही काही वर्षं नोकरीत होते. आता मीही त्याच गेटातून आत जात होतो. सुट्टीत लिंबाखालच्या त्यांच्या पंगतीत माझी जागा आपोआप झाली होती. कागद पसरला की वडील स्वतःच्या डब्यातली भाजी आधी माझ्याकडे सरकवत. काका बसायचे ती बॉयलरची भिंत माझ्या समोरच्या बाजूला यायची. मी जेवत असे, आणि वडिलांना काही विचारत नसे.