ऐकू आलं होतं

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा एकाहत्तरचा. आधार कार्डावर तसं आहे. खरं वय आईला ठाऊक होतं, ती गेली तेव्हा तेही गेलं.

सकाळी शेळ्यांना पाला टाकत होतो तेव्हा जावयाचा फोन आला. "आबा, हिला दवाखान्यात नेतोय. कळा सुरू झाल्यात. तुमाला कळवायचं म्हणून कळवलं." एवढंच. या म्हणाला नाही. मीही येऊ का विचारलं नाही. तो 'कशाला?' म्हणाला असता तर मी काय बोललो असतो?

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. दुसऱ्याला माहेरच्या माणसाचं काही काम नसतं, बारशाला बोलावतील तेव्हा जायचं. पण पहिलं माझ्या घरी सुरू झालं आणि ते मी नासवलं. हे आज लिहितोय. तेव्हा कुणी तोंडावर म्हणालं असतं तर काठी उगारली असती.

पाच वर्षांमागची गोष्ट. बायको त्याच्या आदल्या साली गेलेली. जावई सोलापुरात, जुळे सोलापूर म्हणतात त्या भागात फ्लॅटमध्ये राहतो, दवाखाना त्यांच्या घरापासून हाकेवर. तो म्हणत होता, हितंच राहू द्या. मी सगळ्यांसमोर बोललो, "माझ्या पोरीला आई न्हाय म्हणून माहेर न्हाय व्हय?" लेक सातव्या महिन्यात माझ्याकडं आली. मोहोळपासून आत आमचं गाव, तिथून पुढं वस्ती, वस्तीवर आम्ही दोघंच.

मी जन्मभर मेंढरं राखली. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, बाकीचं मेंढरांनी शिकवलं. पहिलारू मेंढी अडून बसली तर उगाच जवळ जायचं नाही, लांब बसायचं, तिचं ती निभावते, हे बापानं शिकवलेलं. मेंढीच्या बाबतीत ते खरंही आहे.

पहाटेच पाणमोट फुटली. गावातली सुईण म्हातारी आत, मी बाहेर ओट्यावर. न्याहारीच्या वेळेला आशाताई आली, गावात बायकापोरांच्या आरोग्याचं बघते ती. म्हणाली, "काका, पाणी जाऊन लई वेळ झाला. मी अँब्युलन्स बोलावते."

"पहिलारू हाय. वेळ लागतोच. तू जा."

"काका, ती मेंढी न्हाय."

"तू मला शिकवू नको," म्हणालो आणि तिला अंगणातून परत लावली.

आतून लेकीनं हाक मारली, "आबा, गाडी बोलवा." मी बसल्या जागेवरून म्हणालो, "दम धर." दुपारी परत, "आबा, गाडी बोलवा की." मी परत तेच म्हणालो. तिसऱ्यांदा आवाज अगदी बारीक झाला होता. हातात काथ्या होता, दोरी वळत बसलो.

दिवस कलताना जावई जीप घेऊन आला. आशाताईनं परस्पर फोन केला होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. सोलापूर येईस्तोवर पोर निम्मी झाली. बाळ चिमट्यानं ओढून काढलं. नात झाली, पण रडायला तिनं लई वेळ घेतला. लेकीला रक्त चढवलं. पुढं दोन महिने तिला धड बसता येत नव्हतं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं, कारण दवाखान्यातून ती सासरी गेली आणि पुन्हा माझा उंबरा चढली नाही.

लोक विचारायचे, पोर एवढी ओरडत होती तर तुमी काय करत होता? मी म्हणायचो, मेंढरं ओरडत होती, मला ऐकू आलं न्हाय. हे इतक्या वेळा म्हणालो की गावात आणि लेकीच्या सासरीही मला कमी ऐकू येतं असं ठरून गेलं. पारावर माणसं माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागली. मीही कानामागं हात धरून "आँ?" करायला शिकलो. बहिऱ्या माणसाशी कोण किती वेळ ओरडत बसतं? हळूहळू कुणी बोलेनासं झालं. मेंढरं विकली, चार शेळ्या ठेवल्या. ज्या खोलीत ती दिवसभर पडली होती त्या खोलीला कुलूप घातलं आणि रागाच्या भरात किल्ली विहिरीत फेकली. राग कुणाचा होता ते विचारू नका.

एक गाठोडं तेवढं त्या खोलीबाहेर पेटीत राहिलं होतं. बाळंतविडा. बायकोनं जायच्या आधी अंथरुणावर बसून शिवलेला. लेकीला दिवसही गेले नव्हते तेव्हा. म्हणायची, माझ्या हातचं असू द्या. कुंची, झबली, दुपटी, आणि लेकीसाठी एक लुगड्याची मऊ गोधडी. पहिल्या बाळंतपणाला द्यायचं ते तसंच राहून गेलं. दर उन्हाळ्यात मी ते उन्हात घालायचो आणि नवा कडुनिंब घालून परत बांधायचो.

फोन आला त्या दिवशी ते गाठोडं काखेत मारलं आणि एस्टी धरली.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत पाय जाईना. बोलावलं नव्हतं ना. बाहेर रिक्षा उभ्या राहतात तिथं एक सिमेंटचा बाक होता, त्यावर बसलो. दिवस वर आला होता, माणसं येत-जात होती, पण कुणाला काही विचारावं असा चेहरा दिसेना. वाटलं, इथूनच बघून जाऊ. काय बघणार होतो कोण जाणे.

विहीणबाई चहाचा थर्मास भरून घ्यायला बाहेर आल्या आणि मला बघून थांबल्या. मग माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "पाव्हणं! फाटकावर राखणीला बसवलंय का तुमाला?" दोन रिक्षावाले हसले.

"नको, हितं बरं हाय."

"आँ? आता मला ऐकू येत न्हाय म्हणायचं, तुमाला न्हाय! उठा. ती वर हाय, चला."

मी उठलो. गाठोडं धोतराच्या सोग्याखाली धरलं.

लेक वरच्या मजल्यावर व्हरांड्यात चालत होती. कळा देणारी बाई चालते हे मी पहिल्यांदा बघितलं. अंगात दवाखान्याचा ढगळ झगा, एक हात कमरेवर. मला बघून उभी राहिली. तेवढ्यात कळ आली. तिनं कठडा धरला, डोळे मिटले आणि डावी-उजवीकडं डुलत राहिली. एक सिस्टर तिच्या पाठीवर तळहात दाबून उभी होती, घाई न करता. कळ गेली. लेकीनं डोळे उघडले.

"आलात?"

"आलो."

"बसा तितं."

मी तिथं बसलो. थोड्या वेळानं तिला आत नेलं, विहीणबाईंना बरोबर घेतलं. एक बाई सोबत चालते म्हणे तिथं. जावई थोरल्या नातीला शाळेतून आणायला गेला होता. दाराबाहेर मी एकटा.

दार पातळ होतं. सगळं ऐकू येत होतं.

लेक म्हणाली, "पाणी." कुणीतरी पाणी दिलं. म्हणाली, "मला उताणं न्हाय पडायचं." सिस्टर म्हणाली, "नको पडू, कुशीवर हो." थोड्या वेळानं लेकीचा घाबरा आवाज आला, "मागच्यासारखं होतंय, मॅडम, मागच्यासारखंच." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागच्यासारखं काही नाही. बाळाचे ठोके चांगले आहेत, तू स्वतः ऐक." मग एका यंत्रातून टबक टबक आवाज आला, घोडं पळावं तसा. मी दाराला कान लावला. मग विहीणबाई म्हणाल्या, "बापावर गेलंय, घाई हाय ह्याला," आणि माझी लेक हसली. कळा देता देता हसली.

तिथं मला कळलं. ती काही जगावेगळं मागत नव्हती. पाणी मागत होती, कूस बदलू द्या म्हणत होती. मागितलं की मिळत होतं, आणि मिळालं की तिचा आवाज खाली येत होता. माझ्या घरी तिनं एकच गोष्ट मागितली होती.

"आता जोर नको. फुंकर मार, फुंकर," सिस्टर म्हणत होती. आणि मग बाळाचा आवाज. लगेच, मोठ्यानं, कुणी चिमटा काढल्यासारखा. मी उभा राहिलो. बघितलं तर सांगायला आजूबाजूला कुणी नव्हतं. परत बसलो.

विहीणबाई बाहेर आल्या. डोळे पुसत ओरडल्या, "दुसरीबी पोरगीच! नाक तुमचं घेतलंय बिचारीनं!"

बऱ्याच वेळानं मला आत सोडलं. लेक उशाला टेकून बसली होती. बसली होती. बाळ छातीशी उघडंच धरलेलं, वर चादर. तोंडावर थकवा होता, पण ती माझ्याकडं नीट बघत होती.

"ह्या खेपेला वरडले न्हाय मी, आबा."

"व्हय."

ती बाळाकडं बघत म्हणाली, अगदी हळू, "मागच्या खेपेला तुमाला ऐकू आलं न्हाय म्हणं."

विहीणबाई दाराशी होत्या. कानामागं हात न्यायची सवय झाली होती, तो निम्म्यापर्यंत गेलाही. मग खाली घेतला.

"आलं होतं," मी म्हणालो. "तिन्ही वेळा आलं होतं."

"अगं बया," विहीणबाई पुटपुटल्या, "ह्यांना तर सगळं ऐकू येतंय."

माफ केलं वगैरे असलं काही लेक म्हणाली नाही आणि मी मागितलंही नाही. मला ते जमत नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं खांद्याला पुसलं. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुमच्या तोंडून पायजे होतं." आणि माझ्या धोतराकडं बघत, "सोग्याखाली काय लपवलंय?"

मी गाठोडं सोडलं. कडुनिंबाचा वास खोलीभर झाला. आईची शिवण तिनं ओळखली, टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. कुंची काढून घेतली, बाळाच्या डोक्यावर धरून बघितली. मोठी होत होती. मग बाकीचं सगळं तिनं पहिल्यासारखं बांधलं आणि माझ्या हातात परत दिलं.

मी म्हणालो, "नको का?"

"हे तिकडंच ठेवा. सव्वा महिना झाला की येते मी. तितं लागंल की."

संध्याकाळच्या एस्टीनं परत निघालो. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं वाटत होतं, पण त्याच्या कानात गाणी ऐकायची बोंडं होती. मोहोळला उतरून घरी आलो. शेळ्यांना सांगितलं. बायको असती तर भाकरी टाकता टाकता दहादा विचारलं असतं, नाक कसं हाय, केस किती हायत. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात गेलो, आशाताईच्या दारात. ती मोठ्यानं म्हणाली, "काय काका?" मी म्हणालो, "हळू बोल, ऐकू येतं मला. पहार हाय का तुज्याकडं?" तिनं दिली. घरी येऊन त्या खोलीचं कुलूप फोडलं.