गोड्या विहिरीच्या गावी, अब्बांसोबत

या ब्लॉगवर लोणारबद्दल तीन लेख आहेत आणि शेगावच्या कचोरीबद्दल पाच. यावरून माझ्या प्रवासांची पातळी वाचकांच्या लक्षात आलीच असेल. कुणाच्या स्मृतिदिनासाठी म्हणून मी कधी घराबाहेर पडले नव्हते. यंदाच्या हिवाळ्यात पडले, आणि तेही अब्बांनी ठरवलं म्हणून.

मी छत्रपती संभाजीनगरला मराठी शिकवते. सुट्टीत माहेरी, देऊळघाटला आले होते, तेव्हा अब्बांना फोन आला. फोन शोभाताईंचा होता. वरवट बकालच्या पुढे एका लहान गावात त्या अंगणवाडी चालवतात. त्यांचे वडील सुखदेवदादा यांचा स्मृतिदिन जवळ आला होता. घर आवरताना ताईंना एका जुन्या सभेचं हँडबिल सापडलं होतं आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, 'लाऊडस्पीकर : रहमानभाई, वरवट बकाल.' रहमानभाई म्हणजे आमचे अब्बा. माझ्या जन्माआधी त्यांचं दुकान तिकडे होतं. दादांच्या शेवटच्या सभेचे साक्षीदार म्हणून गावाला त्यांचा सत्कार करायचा होता.

अब्बा आता शहात्तर वर्षांचे आहेत. सत्काराचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखू लागतात. या वेळी मात्र त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. मला वाटलं, म्हातारपणी शालीचा मोह पडला.

सुखदेवदादांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कुठल्याही पर्यटन नकाशावर ते नाहीत. पूर्णेकाठचा तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणली की पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. दादांच्या गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती, आणि तिला बौद्धवाड्यातल्या बायकांनी हात लावायचा नाही, वरच्या आळीतलं कुणी ओतेल तेव्हा घ्यायचं, असा रिवाज होता. त्याविरुद्ध कायदा कधीच झालेला होता. तो दिल्लीहून निघाला होता, विहिरीपर्यंत यायचा होता, एवढंच. सातवी शिकलेल्या, रोजमजुरी करणाऱ्या दादांनी काही वर्षं अर्ज केले. मग त्यांनी विहिरीजवळच सभा बोलावली. उद्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या हातानं पाणी शेंदायचं, असं त्या सभेत जाहीर करायचं होतं. सभा सुरू होण्याआधी, दिवसाउजेडी, त्यांना कुऱ्हाडीनं मारलं. तिघांवर खटला झाला. पाहणारा कुणी नव्हता म्हणून तिघेही सुटले. या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली.

देऊळघाटहून आम्ही सकाळी सातला निघालो. बुलढाण्यात पेट्रोल भरून घ्या, कारण पुढे बोथ्याचा घाट आणि जंगल आहे. रस्ता चांगला आहे, वळणं खूप आहेत. अब्बांनी कार्यक्रमासाठी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो चुरगळू नये म्हणून ते खामगावपर्यंत पाठ टेकवून बसले नाहीत. शेगावला मी कचोरी घेतली. सहावा लेख लिहिणार नाही, पण ती अजून तशीच आहे. अब्बांनी खाल्ली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. समोर सातपुड्याची निळी रेघ दिसत होती, नदीत पाणी घोटाभर. घरात आम्ही उर्दू-हिंदी मिसळून बोलतो. त्या दिवशी अब्बा वऱ्हाडीत बोलले. ती गोष्ट वऱ्हाडीतच घडलेली होती.

"मी निंबावर होतो," ते म्हणाले. "भोंगा बांधून राह्यलो होतो. वरून सगळं दिसलं मले."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ते तिघे गल्लीतून आले तेव्हा दादा सतरंजी झटकत होते. अब्बांनी तिघांचीही तोंडं पाहिली, तिघांनाही ते ओळखत होते. त्यांच्या घरच्या लग्नांत भोंगे अब्बांचेच असत. पोलिसांनी विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले की वायर जोडत होतो, मान खाली होती, दिसलं नाही. कोर्टातही तेच म्हणाले. अम्मी तेव्हा गरोदर होती, आणि त्या गावांमध्ये आमचं नातेवाईक म्हणावं असं एकही घर नव्हतं. निकालानंतर महिन्याभरात त्यांनी दुकान बंद केलं आणि अम्मीच्या माहेरी देऊळघाटला आले. तिकडे धंदा बरा चालेल म्हणून आलो, असं आम्ही भावंडं जन्मभर ऐकत होतो.

मी विचारलं की आज तुम्ही तिथे काय बोलणार आहात. ते म्हणाले, "जे तवा बोलाचं होतं, ते."

मी त्यांना खूप समजावलं. आता काय उपयोग, तुम्हीच म्हणता तिघेही वारले आहेत, त्यांची पोरंबाळं तिथे असतील, उगाच वितुष्ट कशाला. वर्गात मी मुलांना निर्भयपणे लिहा म्हणते. पुलाजवळ उभं राहून वडिलांना तोंड मिटून ठेवायला सांगताना ते मला आठवलं, पण मी थांबले नाही. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडी सुरू करायला सांगितली.

वरवट बकालहून पुढचा रस्ता अरुंद आहे, समोरून कापसाचा ट्रॅक्टर आला की आपण मातीत उतरायचं. गावात शिरताना बॅनर लागला. त्यावर नऊ फोटो होते, आठ हसणाऱ्या मान्यवरांचे आणि कोपऱ्यात, पासपोर्टच्या मापाचा, दादांचा. खाली लिहिलं होतं, 'यांच्या दुःखद निधनास विनम्र अभिवादन.' कुऱ्हाडीनं होणाऱ्या मृत्यूला निधन म्हणतात हे मला मराठीची प्राध्यापक असून ठाऊक नव्हतं. चौकात पुतळा होता. दादांनी आयुष्यात कोट घातला नव्हता, पुतळ्याला तीन बटणांचा मिळाला होता.

ज्यांना विहीर पाहायची आहे त्यांच्यासाठी सांगते, ती पुतळ्याच्या मागे आहे. वर लोखंडी जाळी, आत प्लास्टिकच्या पिशव्या. तिचं पाणी आता कुणीच पीत नाही, त्यामुळे तिच्यावर सर्वांचा समान हक्क आहे. गाव जारचं पाणी पितं. तो जार तुमची जात विचारत नाही, फक्त संपला की फोन करावा लागतो. पाण्याचा प्लांट ज्या तरुण उद्योजकाचा आहे, तोच कार्यक्रमाचा अध्यक्ष होता, आणि मंडपही त्याच्याच सौजन्यानं होता. त्याचं आडनाव ऐकून अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. तो त्या तिघांपैकी एकाचा नातू होता.

शोभाताईंनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांची आई बसली होती. गोदामाय, नव्वदीच्या आसपासची, पांढरं लुगडं, काठी मांडीवर आडवी. तिनं अब्बांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागली.

भाषणं सुरू झाली. दादा शिक्षणप्रेमी होते. दादा मनमिळाऊ होते. एका वक्त्याच्या मते दादांना वृक्षारोपणाची फार आवड होती. ते कशासाठी मेले हे सांगायला कुणाला वेळ पुरला नाही. मग अब्बांना शाल आणि नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

अब्बांनी आधी माइकवर बोटानं टिचकी मारली, जुनी सवय. मग सरळ सांगितलं. मी झाडावर होतो. मी पाहिलं. कोर्टात खोटं बोललो. आणि मग त्यांनी तीन नावं घेतली, बापाच्या नावासकट, हजेरी घ्यावी तशी.

मला वाटलं आता खुर्च्या उडतील. काही झालं नाही. मागे कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी सवयीनं दोन टाळ्या वाजवल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं आणि हात मांडीवर ठेवले. सूत्रसंचालक म्हणाले, "रहमानचाचांनी जुन्या आठवणींना उजाळा दिला, त्याबद्दल आभार," आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. अध्यक्षीय भाषणात गाव कसं एकोप्यानं राहतं हे ऐकायला मिळालं. शेवटी सामूहिक फोटो झाला. त्यात अब्बा आणि तो नातू शेजारी उभे आहेत, दोघांचीही मान खाली.

जेवण चांगलं होतं. वरण, भात, पोळी, भरपूर तेलाची वांग्याची भाजी आणि बुंदी. अब्बा ताट घेऊन गोदामायकडे गेले आणि तिच्या खुर्चीजवळ खाली सतरंजीवर बसले. मी मागे उभी होते.

"वहिनी," ते म्हणाले, "मी तवाच सांगाले पाह्यजे होतं."

"मले माईत होतं," गोदामाय म्हणाली. "मी त्या दिवशी वर पाह्यलं होतं. तू निंबावरून खाली आमच्याकडेच पाहून राह्यला होता."

अब्बांचा घास हातात राहिला. ती कोर्टात त्यांच्या समोर बसली होती. मान खाली होती असं ते शपथेवर म्हणाले, तेव्हा ते खोटं आहे हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला कुणी विचारलं नव्हतं. ती मेलेल्याची बायको, तिचं कोण ऐकणार.

अब्बांनी माफी मागितली. गोदामायनं मांडीवरची काठी बाजूला ठेवली.

"तिघं बी मेले," ती म्हणाली. "आता सांगाले भेव कायचं होतं? आज तू सांगतलं, ते तुह्यासाठी सांगतलं. माह्यासाठी सांगाचं ते राहूनच गेलं." मग तिनं त्यांच्या ताटाकडे बोट केलं. "जेव. थंड होऊन राह्यलं."

अब्बा जेवले. सगळं जेवले, एक शीत टाकलं नाही.

निघताना शोभाताई गाडीपर्यंत आल्या. त्यांनी एकच मागितलं, की हे सगळं कागदावर उतरवून अब्बांच्या सहीनं पाठवावं. दरवर्षी भाषणं होतात, त्या म्हणाल्या, पण आमच्या घरात बाबांना कुणी मारलं असं लिहिलेला एकही कागद नाही.

परतीच्या रस्त्यात अब्बा पाठ टेकवून झोपले. घाटात सांबर दिसलं, मी त्यांना उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. दीड पान झालं. सही करायला त्यांना फार वेळ लागला. पाकीट त्यांनी स्वतः पोस्टात टाकलं, आणि ताईंचा पोचल्याचा फोन येईपर्यंत चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. फोन झाल्यावर ते न्हाव्याकडे गेले. माझ्या आठवणीतल्या साध्या माणसासारखेच दिसत होते ते, पण मी आता त्यांच्याकडे थोडं जास्त वेळ पाहते. त्यांना ते आवडत नाही.

हा लेख टाकण्याआधी मी तो त्यांना वाचून दाखवला. बोथ्याच्या घाटाचं वर्णन आवडलं. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या तिघायची नावं कुठी हायेत?"

मी सांगितलं की माझ्या एका वकील मैत्रिणीनं नको म्हटलंय. गावाचंही नाव मी दिलेलं नाही. त्या तिघांच्या घरचे लोक अजून तिथे आहेत, माझी नोकरी आहे, मुलगी यंदा बारावीला आहे.

अब्बांनी मान डोलावली.

"हाव," ते म्हणाले. "मी बी असंच म्हनलो होतो."