हद्दपार मोलकरणीचं मत

१८९८ साली बोथिल्डे अठरा वर्षांची होती. डेन्मार्कहून आमच्या शेतावर धारा काढायला आलेली. त्या वर्षी आमचे वडील डॅनिश व्याख्यानाला गेले. श्लेस्विगवर, म्हणजे आमच्या मुलखावर, तेव्हा जर्मनांचं राज्य, डॅनिश काहीच त्यांना खपत नसे, आणि त्यांची रीत अशी की चूक शेतकऱ्याची, हाकलायचं त्याच्या मोलकरणीला. चोवीस तासांत सरहद्दीपार! हवालदार ड्रेव्हेस जातीनं पोचवायला गेला.

वीस वर्षांनी महायुद्ध संपलं, कैसर हॉलंडला पळाला. व्हर्सायच्या तहात ठरलं की आमचा मुलूख कुणाचा, ते आम्हीच मत देऊन सांगायचं. बायकांनीसुद्धा. जर्मनांनी हद्दपार केलेल्यांनीसुद्धा!

बोथिल्डे मिळेल त्या गाडीनं आली. अंगानं दुप्पट झालेली, आवाज तोच. मतदारयादीत नाव घालायचा शेवटचा दिवस होता. मी तिला घेऊन शाळेत गेले.

"हद्दपारीचा हुकूम दाखवा," यादी करणारे मास्तर म्हणाले.

"चुलीत घातला. चौकट करून भिंतीवर लावायला हवा होता का?"

"बाई, पुराव्याशिवाय नाव चढत नाही. पाच वाजता यादी बंद."

मी हळूच म्हटलं, "ताई, साक्षीदार एकच. ड्रेव्हेस. पण तो पक्का जर्मन. डेन्मार्कच्या पारड्यात तुझं मत कशाला पडू देईल?"

"कुठे राहतो तो?" एवढंच विचारून ती निघाली.

पेन्शनीत निघालेला ड्रेव्हेस परसात सशांना कोबी घालत होता.

"हवालदार, ओळखलंत? मला सरहद्दीपार सोडलंत तुम्ही."

"पुष्कळांना सोडलं. आठवत नाही."

"आठवेल कसं? सोडलंच नाही म्हणतात. पोरगी आपली आपण गेली, आणि हवालदारानं घरी शेगडीशी बसून कागद रंगवला, म्हणतात."

ड्रेव्हेसच्या हातातला कोबी खाली पडला. "कोण म्हणतो? मी कागद रंगवला? भर पावसात सात मैल चाललो मी! वाटभर शिव्या देत होतीस! पुलापाशी माझ्या बुटावर थुंकलीस!"

"डाव्या."

"उजव्या!"

"मला सांगून काय उपयोग? शाळेत येऊन सांगा."

तो घरात गेला, जुनी टोपी चढवून, काखेत वही मारून आला. शाळेच्या टेबलावर वही आपटून त्यानं वाचलं, "एकोणतीस नोव्हेंबर. बोथिल्डे क्लाउसन, मोलकरीण. नऊ चाळीसला पुलापलीकडे. प्रशियाच्या हवालदाराचं काम अर्धवट नसतं, मास्तर!"

पावणेपाचला नाव चढलं. मग ड्रेव्हेसच्या डोक्यात प्रकाश पडला, पण शब्द फिरवणाऱ्यातला तो नव्हता.

१९२०च्या दहा फेब्रुवारीला मतदान. रांगेत तो नेमका तिच्या मागे.

"माझं मत तुझं मत खोडून टाकील," तो गुरगुरला.

"टाका की! पण घाई करा, माझ्यामागे अजून तीनशे उभे आहेत. एकटे किती खोडाल?"

रांग खदखदून हसली. ती आत गेली, चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट पेटीत टाकलं आणि पेटीवर थाप मारली, गाईच्या पाठीवर मारतात तशी.

संध्याकाळी मास्तरांनी गावाचे आकडे वाचले. डेन्मार्क तीनशे अकरा, जर्मनी बेचाळीस. ज्या डॅनिश झेंड्यापायी जर्मनांना दंड भरले, तो घराघरांतून बाहेर आला. सरहद्द उठून आमच्या खाली दक्षिणेकडे जाणार होती, आणि आम्ही डेन्मार्कात.

बोथिल्डे बाकावर चढून ओरडली, "तीनशे अकरा! त्यातलं एक माझं!"